देव बदलत नाही, तर प्रार्थना कशासाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धा दोन गोष्टी एका दमात सांगते: देव अपरिवर्तनीय आहे, आणि त्या देवाकडे मागत राहावे. पहिली गोष्ट खरी असेल तर दुसरी निरर्थक ठरते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी, आणि तसे वाटूनही ज्यांची प्रार्थना थांबलेली नाही त्यांच्यासाठीही, ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

देव अपरिवर्तनीय आहे, म्हणजे नेमके काय?

देवाचे अस्तित्व, त्याचा स्वभाव, त्याची वचने आणि त्याचा संकल्प यांत चढउतार होत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. याकोबाच्या पत्रात (१:१७) देवाला ज्योतिमंडळाचा पिता म्हटले आहे. सूर्य उगवतो आणि मावळतो, चंद्राची कला रोज बदलते, दोघांनाही ग्रहण लागते. पण ज्याने त्यांना निर्माण केले त्याच्यावर अशी फिरती सावली पडत नाही, असे ते वचन सांगते. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने देवाच्या पुत्राला, म्हणजे येशू ख्रिस्ताला, परिवर्तनशील म्हणणाऱ्यांचा धिक्कार केला. सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर या प्रॉटेस्टंट विश्वासकथनानेही देवाचे वर्णन करताना ‘अपरिवर्तनीय’ हाच शब्द वापरला. ही शिकवण कोणा एका पंथाची नाही.

मलाखीच्या पुस्तकातले (३:६) ‘मी परमेश्वर बदलणारा नव्हे’ हे वचन बहुधा अर्धेच उद्धृत केले जाते. म्हणूनच याकोबाचे वंशज, म्हणजे इस्राएल लोक, नष्ट झालेले नाहीत, असा त्याचा पुढचा भाग आहे. करार मोडलेल्या लोकांना ते सांगितलेले आहे. देव बदलत नाही ही त्यांच्यासाठी तत्त्वज्ञानातली अडचण नव्हती. ते जिवंत राहिले होते याचे ते एकमेव कारण होते. पुढची बहुतेक उत्तरे या उत्तरार्धावर उभी आहेत.

हा प्रश्न अलीकडच्या शंकेखोरांनी काढलेला आहे का?

नाही. अलेक्झांड्रियाच्या ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताला त्याचा आश्रयदाता अँब्रोज याने तिसऱ्या शतकात, इ. स. २३३च्या सुमारास, हाच प्रश्न लिहून पाठवला होता. देवाला भविष्य आधीच ठाऊक असेल आणि ते घडणारच असेल तर प्रार्थना व्यर्थ आहे; सर्व काही त्याच्या इच्छेने होत असेल आणि त्याची इच्छा अढळ असेल, तरीही ती व्यर्थच आहे, असा तो दुहेरी पेच होता. ओरिगेनने त्याला एका स्वतंत्र ग्रंथातून उत्तर दिले. कोण, केव्हा, कोणत्या मनाने प्रार्थना करील हेही देवाच्या पूर्वज्ञानात असते आणि त्याची योजना त्या प्रार्थनेला धरूनच केलेली असते, असा त्या उत्तराचा गाभा आहे. शंका श्रद्धेच्या आतूनच आली होती आणि ती विचारणारा स्वतः प्रार्थना करणारा होता.

प्रार्थनेने देवाचे मन वळते का?

मनधरणी करून, रडून किंवा संख्याबळ दाखवून देवाच्या मनात नसलेली गोष्ट त्याच्या मनात घालता येते का, असे विचारायचे असेल तर उत्तर ‘नाही’ असे आहे. तसे करता आले असते तर ते भयंकर ठरले असते, असेही मला वाटते. माझ्या अर्धवट माहितीवर आणि माझ्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ज्याचा निर्णय फिरतो, त्याच्या हाती जग सुरक्षित राहिले नसते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने हे नेमकेपणाने मांडले. त्याच्या मते येथे तीन चुका संभवतात: मानवी व्यवहारांकडे देवाचे लक्षच नसते असे मानणे, सगळे काही अटळपणे ठरलेले आहे असे मानणे, आणि देवाची योजना प्रार्थनेने बदलता येते असे मानणे. तिन्ही टाळून तो म्हणतो की, देवाची योजना बदलावी म्हणून आपण प्रार्थना करीत नाही. जे प्रार्थनेच्या द्वारेच द्यायचे असे देवाने योजले आहे, ते मिळावे म्हणून करतो.

सगळे ठरलेलेच असेल, तर मी प्रार्थना केली नाही तरी ते होईलच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्यातली चूक सहज नजरेतून सुटते. या प्रश्नात असे गृहीत धरलेले असते की देवाने फक्त शेवट ठरवला आहे आणि वाट मोकळी सोडली आहे. ख्रिस्ती शिकवण तशी नाही. शेवटाबरोबर वाटही त्याच संकल्पात आहे आणि प्रार्थना हा त्या वाटेचाच एक टप्पा आहे. अक्वायनस याला रोजच्या व्यवहारातले उत्तर देतो: देवाची योजना अढळ आहे म्हणून प्रार्थना करू नये असे म्हणणे म्हणजे त्याच कारणासाठी मुक्कामी पोहोचायला चालू नये, पोषण व्हायला जेवू नये, असे म्हणण्यासारखे आहे. जेवताना आपण कधी म्हणत नाही की, जगणे-मरणे ठरलेलेच आहे, मग घास कशाला घ्यायचा. हा युक्तिवाद आपल्याला नेमका प्रार्थनेच्या वेळी सुचतो, याची गंमत वाटते.

पवित्र शास्त्रात याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण एलीया या संदेष्ट्याचे आहे. देशात दुष्काळ पडलेला आहे आणि देवाने एलीयाला आधीच सांगितले आहे की, अहाब राजाला जाऊन भेट, मी पाऊस पाडणार आहे (१ राजे १८:१). वचन मिळालेले आहे. तरीही कर्मेल डोंगरावर एलीया जमिनीपर्यंत वाकतो, तोंड दोन्ही गुडघ्यांमध्ये घालतो आणि आपल्या चाकराला समुद्राकडे पाहून यायला सांगतो. चाकर परत येऊन म्हणतो, काही नाही. पुन्हा जा. असे सात वेळा होते. सातव्या खेपेला समुद्रातून माणसाच्या हाताएवढा एक ढग वर येताना दिसतो. पाऊस येणार हे ज्याला त्या डोंगरावर सर्वांत पक्के ठाऊक होते, तोच माणूस गुडघ्यांत डोके घालून बसला होता. वचनाने त्याची प्रार्थना थांबवली नाही. तिला मागायला विषय दिला.

यहेज्केलाच्या पुस्तकात हे दोन सलग वचनांत आले आहे. ‘मी परमेश्वर हे बोललो आहे आणि मी ते करीन’ या अर्थाचे वचन येते (३६:३६), आणि लगेच पुढच्याच वचनात देव म्हणतो की, हे त्यांच्यासाठी करावे म्हणून इस्राएलाचे घराणे मला विनंती करील. दानीएलही यिर्मया संदेष्ट्याच्या लेखांतून यरुशलेम ओसाड राहण्याची सत्तर वर्षांची मुदत समजल्यावर स्वस्थ बसला नाही. त्याने गोणपाट नेसून, राख घालून प्रार्थना सुरू केली (दानीएल ९:२–३).

न मागता काहीच मिळत नाही, असा याचा अर्थ नाही. सूर्य आणि पाऊस तर चांगल्या-वाईट सर्वांनाच मिळतात (मत्तय ५:४५). पण काही गोष्टी तुम्ही मागत नाही म्हणून तुम्हांला मिळत नाहीत, असे याकोब स्पष्ट लिहितो (४:२). कोणती गोष्ट कोणत्या प्रकारात मोडते हे आपल्याला सांगितलेले नाही. फ्रेंच विचारवंत पास्कालने सतराव्या शतकात म्हटले की, आपल्या निर्मितीलाही कारण होण्याची प्रतिष्ठा लाभावी म्हणून देवाने प्रार्थना नेमली. या विषयावरचे इतके थोडक्यात आणि इतके चांगले वाक्य माझ्या वाचनात दुसरे नाही.

पवित्र शास्त्रात तर देवाने आपले मन बदलल्याचे लिहिले आहे. त्याचे काय?

लिहिले आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजले त्या प्रसंगी मोशेने रदबदली केल्यावर देव अरिष्ट आणण्यापासून परावृत्त झाला (निर्गम ३२). हिज्कीया राजाला यशया संदेष्टा सांगतो की तू मरणार. राजा भिंतीकडे तोंड फिरवून रडतो. यशया मधल्या चौकाबाहेर पडण्याआधीच त्याला परत जाऊन आयुष्याची १५ वर्षे वाढवल्याचे सांगण्याची आज्ञा होते (२ राजे २०). योना या संदेष्ट्याने निनवे नगराला ४० दिवसांची मुदत दिली, नगराने पश्चात्ताप केला आणि नगर वाचले.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय या बाबतीत मुद्दाम वाचण्यासारखा आहे. शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला, असे तेथे दोनदा येते (वचने ११ आणि ३५). आणि दोहोंच्या मध्ये, २९व्या वचनात, देव पस्तावत नाही, कारण पस्तावायला तो काही मनुष्य नाही, असेही येते. मूळ हिब्रूत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. एका अध्यायात इतक्या जवळजवळ हे लिहिणाऱ्याला त्यातली विसंगती दिसली नसेल, हे पटत नाही. देवाचे लोकांशी वागणे पालटते तेव्हा त्याचे वर्णन माणसाच्या भाषेत ‘पस्तावला’ असेच करावे लागते. पण माणूस जसा आपली चूक उमगून पस्तावतो तसे ते नाही, ही मर्यादाही लेखकाने तेथेच घालून दिली आहे. धर्मसुधारक कॅल्विन म्हणतो की, दाई तान्ह्या मुलाशी बोबडे बोलते तसा देव आपल्याशी बोलतो.

योनाचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यात संदेष्टाच चिडलेला आहे. तो का चिडला? देवाने अनपेक्षित काही केले म्हणून नव्हे. तू कृपाळू, मंदक्रोध आहेस हे मला आधीच ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो होतो, असे तो म्हणतो (४:२). निनवे वाचले ते देवाचा स्वभाव बदलला म्हणून वाचले नाही. तो बदलत नाही म्हणून वाचले, आणि योनाची तक्रार नेमकी तीच होती. एखाद्या राष्ट्राविषयी मी अरिष्ट बोललो आणि ते वाईटापासून वळले तर मीही त्या अरिष्टापासून वळेन, हा नियम यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात आधीच सांगून ठेवलेला आहे.

देवाला सर्व ठाऊक असताना त्याला सांगायचे कशासाठी?

माहिती पुरवण्यासाठी खासच नाही. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज तुमचा पिता जाणून आहे, असे येशूने म्हटले (मत्तय ६:८), आणि ‘म्हणून मागू नका’ असे न म्हणता पुढच्याच वचनात प्रार्थना शिकवली. त्याच्या दृष्टीने देवाचे ज्ञान हा गप्प बसण्याचा आधार नव्हता. लांबण न लावता बोलण्याचा आधार होता.

रोममधील प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीन हा प्राचीन बिशप याचे कारण देतो. आपली इच्छा काय आहे हे देवाला कळावे म्हणून प्रार्थना नसते. जे द्यायची त्याची तयारी आहे ते घेण्याइतकी आपली इच्छा विस्तारावी, म्हणून असते. देणे मोठे आहे आणि आपले पात्र लहान आहे, असा त्याचा रोख आहे. मला यात आणखी एक गोष्ट भरावीशी वाटते, ती अनुभवाची आहे. एका माणसाने माझ्यावर केलेल्या अन्यायाची तक्रार मी एकदा प्रार्थनेत मांडायला बसलो. मनात ती कित्येक दिवस घोळवली होती आणि प्रत्येक वेळी ती बिनतोड वाटली होती. देवापुढे मोठ्याने म्हणू लागलो तेव्हा तिसऱ्या वाक्यालाच अडखळलो, कारण मी गाळत होतो तो भाग ऐकणाऱ्याला ठाऊक होता. ज्याला सर्व ठाऊक आहे त्याला सांगताना आपल्याला खरे सांगावे लागते. जगात दुसऱ्या कोणापुढे ही सक्ती नसते.

म्हणजे प्रार्थनेने फक्त प्रार्थना करणारा बदलतो, इतकेच ना?

हे उत्तर आजकाल फार लोकप्रिय आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९३ मध्ये असे मांडले की, प्रार्थनेतला खरा भाग म्हणजे चांगले वागण्याची मनोवृत्ती, आणि देवाकडे इच्छा शब्दांत मांडून काही साधते असे समजणे हा भ्रम आहे. प्रार्थनेला मनाच्या व्यायामापुरते ठेवणारे आजचे लोक याच्याच जवळपास असतात.

अडचण अशी आहे की आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई ‘मला शांत वाटू दे’ असे मागत नसते. ताप उतरू दे, असे मागत असते. तिला सांगितले की प्रार्थनेचा ताप उतरण्याशी काही संबंध नाही, फक्त तुझ्या मनाशी आहे, तर तिला मनःशांतीही मिळणार नाही, कारण ती शांती ऐकणारा कोणीतरी आहे या भरवशावर आलेली असते. येशूने भाकर मागायला शिकवले. पूर्वी सांगितलेल्या शिकवणीप्रमाणे प्रार्थना जगात खरोखर काही घडवते, कारण देवाने तिला कारणांच्या साखळीतली एक कडी केले आहे; ती घडवत नाही ते एवढेच की, तिने देव बदलत नाही.

त्यातल्या अर्ध्या सत्याला न्याय देणारी प्रतिमा मात्र प्राचीन आहे. इ. स. ५००च्या सुमारास डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने नावेत बसलेल्या माणसांचे उदाहरण दिले. काठावरच्या खडकाला बांधलेला दोर त्यांच्या हातात येतो आणि ते तो ओढू लागतात. खडक जवळ येतोय असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात नाव खडकाकडे सरकत असते. दोर ओढणे खरे आहे, नाव हलणे खरे आहे, आणि खडक जागचा हलला असता तर ओढण्याचा काही उपयोग झाला नसता.

जो बदलत नाही त्याला माझे दुःख कसे कळणार?

अपरिवर्तनीय म्हणजे थंड, असा समज या प्रश्नामागे असतो. दगडही बदलत नाही, पण दगडात काही नसते म्हणून. देव बदलत नाही तो त्याच्यात काही कमी नाही म्हणून. आपले प्रेम वाढते, आटते, दमते. देवाचे प्रेम वाढत नाही, कारण ते मुळातच पूर्ण आहे. त्याला जागे करावे लागत नाही.

शिवाय ख्रिस्ती माणूस एकटा उभा राहून दूरच्या देवाला हाक मारतो, हे चित्रच अपुरे आहे. प्रार्थना पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात केली जाते. पुत्राने मानवी देह धारण केला, आपला मित्र लाजर याच्या कबरेशी तो रडला (योहान ११:३५), त्याने आक्रोश करीत व अश्रू गाळीत विनंत्या केल्या (इब्री ५:७), आणि तो आजही आपल्यासाठी मध्यस्थी करतो (इब्री ७:२५). काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांवाचून विनंती करतो, असे पौल म्हणतो (रोम ८:२६). म्हणजे प्रार्थना सुरू करणारे आपण नसतो. देवामध्ये आधीच चाललेल्या संवादात आपल्याला सामील करून घेतलेले असते. अपरिवर्तनीय देवाला बाहेरून हलवण्याचा प्रश्न येथे बराचसा विरघळतो, निदान माझ्यापुरता तरी.

प्रार्थना आणि नवस यांत फरक आहे का?

आहे, जरी नवस पवित्र शास्त्रातही आढळतो. हन्नाने शिलो येथे मुलासाठी नवस केला. तिचे ओठ हलत होते पण शब्द ऐकू येत नव्हते, आणि एली याजकाला ती प्यायलेली वाटली (१ शमुवेल १). पण तिने देऊ केले ते तिला मिळणारे मूलच होते. तिच्याजवळ देवाला देण्यासारखे स्वतंत्र काही नव्हते, आणि हे तिला ठाऊक होते. देवाणघेवाणीचा सौदा म्हणून केलेला नवस कोठे नेतो हे इफ्ताहाच्या कथेत (शास्ते ११) दिसते: विजय मिळाला तर घरातून जे प्रथम भेटायला येईल ते अर्पण करीन असा नवस त्याने केला, आणि त्याची एकुलती मुलगीच पुढे आली.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत होणारच असलेल्या गोष्टी का मागितल्या आहेत?

‘तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो, तुझी इच्छा पूर्ण होवो’ या पहिल्या मागण्या निश्चित घडणाऱ्या गोष्टींच्या आहेत, हे निरीक्षण बरोबर आहे. धर्मसुधारक ल्यूथरने १५२९च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत उत्तर दिले: देवाचे राज्य आमच्या प्रार्थनेवाचूनही येतेच, ते आमच्याकडेही यावे, म्हणून आम्ही ही प्रार्थना करतो.

प्रार्थना ऐकली गेली नाही तर?

येथे मला सावध राहावेसे वाटते, कारण या प्रश्नाची झटपट उत्तरे देणाऱ्यांनी बरेच नुकसान केले आहे. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे त्यांतले सर्वांत क्रूर उत्तर आहे. गेथशेमाने बागेत येशूने आपल्यापुढचा हा दुःखाचा प्याला टळावा असे तीन वेळा मागितले, आणि तो टळला नाही. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळाले (२ करिंथ १२). या दोघांचा विश्वास उणा होता, असे कोणी म्हणणार नाही.

देवाने नकार दिला तर तो लहरीने दिलेला नसतो, असे अपरिवर्तनीयतेची शिकवण सांगते. कारण काय, हे मात्र ती प्रत्येक वेळी सांगत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते आणि मंडळीने ते वगळलेले नाही. उत्तर न मिळालेल्या माणसाने ते स्तोत्र म्हणावे. त्याच्याकडून लगेच उपकारस्तुतीची अपेक्षा कोणी करू नये.

प्रार्थनेचा परिणाम प्रयोगाने तपासता येतो का?

तसा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे नक्की ठाऊक नसलेल्या रुग्णांपैकी, प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के आणि न झालेल्यांत ५१ टक्के जणांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत आहे हे नक्की ठाऊक असलेल्यांत हे प्रमाण ५९ टक्के होते. हे आकडे लपवू नयेत आणि फिरवूही नयेत. पण ठरावीक मात्रेत दिल्यावर ठरावीक परिणाम करणारे औषध म्हणजे प्रार्थना, असा दावा वर दिलेल्या कोणत्याही उत्तरात नाही. ती एका व्यक्तीला केलेली विनंती आहे, आणि जिला नकार देता येत नाही ती विनंती राहत नाही.

सर्व ख्रिस्ती विचारवंत हे मान्य करतात का?

नाही. विशेषतः १९९४ पासून अमेरिकेतील काही इव्हँजेलिकल (पवित्र शास्त्रावर विशेष भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) विचारवंतांनी असे मांडले की, भविष्य खुले आहे आणि देव प्रार्थनेला खराखुरा प्रतिसाद देताना आपले बेत बदलतो. प्रार्थनेचे गांभीर्य जपावे ही त्यांची तळमळ मला समजते. पण पुढे काय होणार हे ज्याला नक्की ठाऊक नाही, त्याने ‘नाही’ म्हटले तर त्यावर मी कितपत विसंबावे, या प्रश्नाला त्यांच्याकडून समाधानकारक उत्तर मिळत नाही.

‘आमेन’ म्हणजे काय?

स्थिर, पक्के, विसंबण्याजोगे असा अर्थ असलेल्या हिब्रू धातूपासून तो शब्द आला आहे. ‘असेच होवो’ हा त्याचा रूढ अर्थ त्या मानाने फिका आहे.

घडून गेलेल्या, पण मला अजून न कळलेल्या गोष्टीसाठी प्रार्थना करता येते का?

येते, आणि याचे कारण देव काळाच्या ओघात आपल्याबरोबर वाहत नाही, या मान्यतेत आहे. सहाव्या शतकात बोएथियस या तत्त्वज्ञाने अनंतत्वाची व्याख्या ‘अमर्याद जीवन एकाच वेळी संपूर्णपणे जवळ असणे’ अशी केली. तपासणीचा अहवाल कालच तयार झाला आहे आणि बंद पाकिटात तुमच्या हाती आहे, असे समजू. तुम्ही आज करीत असलेली प्रार्थना देवाला आज समजते असे नाही. जे कालपर्यंत घडले ते घडवतानाही ती त्याच्यापुढे होतीच. म्हणून पाकीट फोडण्यापूर्वी मागणे वेडेपणाचे नाही. अहवाल वाचल्यानंतर मात्र ‘हे झालेलेच नसू दे’ असे मागता येत नाही, कारण घडलेले न घडलेले करणे ही स्वतःशीच विसंगत गोष्ट आहे, असे अक्वायनसने म्हटले आहे. त्यापुढे मागायचे ते उपचारांसाठी, धीरासाठी, आणि घरी गेल्यावर ज्यांना हे सांगायचे आहे त्यांच्यासाठी.